पतनानंतरची वाट

नागपूर आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, यांच्यात सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही गावांत स्कॉटलंडहून आलेली मिशने उभी राहिली. मायदेश एक, बायबल एक, तरी एका प्रश्नावर त्यांची उत्तरे परस्परविरोधी होती. ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने पुढे जाणूनबुजून पाप केले, तर त्याचे तारण जाते का? नागपूरचे मिशन स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ साली सुरू केले. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन, कॅल्विनच्या परंपरेतले. या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रकाचा सतरावा अध्याय सांगतो की देवाने ज्याला खरोखर बोलावले तो घसरेल, बराच काळ पापात राहीलही, पण कृपेतून कायमचा बाहेर पडणार नाही. चांद्याचे मिशन १८७०च्या दशकाच्या आरंभीचे आणि स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे. या अँग्लिकन चर्चने १८०४ मध्ये इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस कलमे स्वीकारली होती. त्यांतले सोळावे कलम म्हणते की पवित्र आत्मा मिळाल्यावरही माणूस कृपेपासून ढळू शकतो आणि देवाच्या कृपेनेच पुन्हा उठूही शकतो. शतक संपत आले तेव्हा चांदा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याला, अमेरिकन मेथडिस्ट आले. विश्वासणारा पडू शकतो, हे तेही मानत, पण कारणे वेगळी देत. चंद्रपूर आणि गडचिरोलीचा हा मुलूख म्हटला की वाघ, कोळसा, बांबू आणि नक्षलवाद आठवतो. इथल्या मूठभर ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास कोणी सहसा चाळत नाही. मला मात्र त्या इतिहासात युरोपातल्या अनेक शतकांच्या वादावर प्रकाश टाकणारे काही दिसते. जाणूनबुजून केलेल्या पापाने माणूस पडतो, आणि ते पडणे खरे असते, नुसता भास नसतो. पण ते पाप त्याला कायमचे बाहेर ठेवू शकत नाही. बाहेर राहतो तो परत यायचे नाकारणारा. इथे आलेल्या परंपरांची कलमे एकमेकांशी भांडतात, पण पडलेल्या माणसाशी त्या जशा वागत आल्या, ते पाहिले की सगळ्यांची साक्ष हीच निघते.

चांद्याच्या मिशनात अगदी सुरुवातीच्या काळात काम करणाऱ्यांत नहेम्या नीळकंठ शास्त्री गोरे होते. मराठी वाचकाला ते बहुधा पंडिता रमाबाईंच्या संदर्भात माहीत असतात, कारण रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यात त्यांच्या युक्तिवादांचा मोठा वाटा होता. जन्म १८२५चा, झाशीकडचा. घराणे चित्पावन, वाढले काशीत, शिक्षण शास्त्री परंपरेचे. जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मत संस्कृतात मांडले, तेव्हा त्याला उत्तर देणाऱ्या पंडितांमध्ये तरुण नीळकंठ शास्त्री होते. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या ग्रंथात त्यांनी ख्रिस्ती मताच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवले. मोजक्या आयुष्यातल्या मोजक्या पापांसाठी अंत नसलेली शिक्षा कोणत्या न्यायात बसते? आणि जीव पडणार हे आधीच ठाऊक असताना दयाळू देव तो निर्माण का करतो? पुढे १८४८ साली जौनपूरला याच माणसाने बाप्तिस्मा घेतला. तो ज्या चर्च मिशनरी सोसायटीच्या मंडळींकडून घेतला, त्यांचा भर व्यक्तीच्या विश्वासावर आणि त्यातून येणाऱ्या खात्रीवर होता. पण गोरे तिथे थांबले नाहीत. वाचता वाचता, शंका घेता घेता ते अँग्लिकन चर्चमधल्या जुन्या, संस्कार मानणाऱ्या गटाकडे सरकले. १८७० मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांचा चांद्याशी संबंध आला. शंकांनी त्यांचा पिच्छा बाप्तिस्म्यानंतरही सोडला नव्हता. तारण ही मनातल्या खात्रीची गोष्ट असेल, तर ज्याची खात्री वारंवार डळमळते त्याने काय करायचे? गोरे यांच्या प्रवासाकडे मी या प्रश्नाच्या अंगाने पाहतो. मनाच्या चढउतारांवर अवलंबून नसलेले काहीतरी त्यांना हवे असावे, आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापांगीकार, धर्मगुरूच्या तोंडून ऐकू येणारी क्षमा या बाहेरच्या, ठोस गोष्टींत ते सापडत होते.

या गटाचा इंग्लंडमधला मोठा आचार्य एडवर्ड पुसी. त्यांनी १८३५ मध्ये बाप्तिस्म्यावर लिहिलेली पत्रके फार कठोर आहेत. बाप्तिस्म्यात सगळे धुऊन निघते खरे, पण तसे धुणे पुन्हा मिळत नाही. त्यानंतर जाणूनबुजून पाप करणाऱ्यापुढे उरते ती लांबलचक, कष्टाची, अश्रूंची वाट. वाचून कित्येक भाविक हबकले. हेच पुसी १८४३ मध्ये ऑक्सफर्डच्या व्यासपीठावरून दोन वर्षांसाठी दूर केले गेले आणि परतल्यावर १८४६ मध्ये त्यांनी जे प्रवचन केले, त्याचा विषय होता पश्चात्ताप करणाऱ्याला मिळणारी संपूर्ण क्षमा. पुसींनी मत बदलले असे म्हणता येणार नाही. पतनाची भीती आणि परतीची खात्री या दोन्ही गोष्टी त्यांना एकदम सांगायच्या होत्या. एकच सांगितली तर काय होते हे त्यांनी अकरा वर्षांत पाहिले होते. भीती एकटी सांगितली की माणूस निराश होतो, खात्री एकटी सांगितली की तो निर्ढावतो. पाळकाचे सगळे काम या दोहोंच्या मध्ये चालते.

सिरोंच्याची गोष्ट थोडी वेगळी. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळचे हे गाव एके काळी अप्पर गोदावरी या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. १८७४ मध्ये तो मुलूख चांद्याला जोडला गेला. भाषा तेलुगू, ओढ दक्षिणेची. इथे आलेल्या मेथडिस्टांचे मूळ पुरुष जॉन वेस्ली. त्यांनी १७८४ मध्ये अमेरिकेतल्या अनुयायांसाठी एकोणचाळीस कलमे छाटून चोवीसवर आणली. देवाने कोणाला निवडले हे सांगणारे सतरावे कलम त्यांनी काढून टाकले, पण पडण्याचे आणि पुन्हा उठण्याचे सोळावे कलम ठेवले. आपल्या पंथाचा कणा म्हणून काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा निवाडा त्यांनी अशा रीतीने केला. विश्वासणारा बुडू शकतो हे वेस्ली ठासून सांगत, आणि १७७८ मधल्या एका प्रवचनात त्यांनी तितक्याच ठासून सांगितले की मागे फिरलेले परत येतात, आपण असे अनेक पाहिले आहेत. मेथडिस्टांची शिस्तही याला धरून होती. नव्या माणसाला सहा महिने उमेदवारीत ठेवायचे, मग सभासद करायचे, छोट्या गटात दर आठवड्याला आत्म्याची विचारपूस करायची. पडणे एका दिवसात होत नाही, ते हळूहळू होते आणि म्हणून वेळीच दिसू शकते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

हा उपदेश ज्यांच्या कानांवर पडत होता ते कोऱ्या पाटीचे नव्हते. या जंगलपट्ट्यात बहिष्कार आणि पुनर्प्रवेश या गोष्टी लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग होत्या. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात याची पानेच्या पाने आहेत. गुन्हा घडला की माणूस जातीबाहेर. त्याच्या हातचे पाणी बंद, त्याच्या पंगतीला कोणी बसत नाही, त्याच्या मुलामुलींची लग्ने अडतात. मग पंच बसतात, दंड ठरतो, जेवण द्यावे लागते. मध्य प्रांतातल्या कित्येक जमातींत परत घेण्याचा विधी सोनवानी कुळाच्या माणसाकडे असे. सोने बुडवलेले पाणी तो दोषी माणसाला देतो. आणि त्या माणसाने दिलेल्या जेवणाचा पहिला घास जातीचा मुखिया उचलतो, कारण त्याने तो गिळला की दोष त्याच्याकडे गेला असे मानतात. मगच बाकीचे हात घालतात. दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेऊन त्याला पंगतीत आणणारा माणूस! ख्रिस्ती प्रचारकाला वधस्तंभाचा अर्थ सांगायला याहून जवळचे काही सापडले नसते. हिस्लॉप यांनी गोंडांच्या परंपरा कष्टाने टिपल्या होत्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी ते कागद छापले. लोकजीवनाकडे इतक्या आस्थेने पाहणारे मिशनरी थोडे होते. जे पाहत नव्हते त्यांनी तारण गमावण्याची कल्पना नरकाच्या आगीने समजावली. भामरागडकडचे माडिया मृतासाठी दगड उभा करतात आणि त्याला पूर्वजांत सामील करून घेतात. अशा समाजात सगळ्यांत भयंकर शिक्षा म्हणजे आपल्या माणसांपासून तुटणे. आग त्या मानाने दुय्यम.

इथे कोणी म्हणेल की जातीचा दंड आणि देवाची क्षमा यांची तुलनाच चुकीची आहे. दंड पैशात भरता येतो, श्रीमंताला तो जड जात नाही आणि पश्चात्ताप असो नसो, जेवण दिले की काम भागते. आक्षेप रास्त आहे. पण तो ख्रिस्ती शिस्तीलाही लागू होतो, कारण मध्ययुगातल्या युरोपात क्षमापत्रांचा बाजार मांडला गेलाच होता. बाहेरचा विधी आतून पोकळ होऊ शकतो हे दोन्हीकडे खरे. त्यावरून परतीचा विधीच नको असे ठरत नाही. मराठी समाजाला हे वेगळे सांगायला नको. १८४३ मध्ये मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत या ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यावरून मुंबईत केवढा गदारोळ झाला! पुढे पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती रानड्यांपर्यंत भल्याभल्यांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. बाहेर पडलेला परत येऊ शकतो का आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न त्या काळात हिंदू घरातही तितकाच पेटलेला होता.

आता शास्त्राधार. तारण जाते असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या आणि दहाव्या अध्यायात आहे. सत्याचे ज्ञान झाल्यावर जो बुद्धिपुरस्सर पाप करत राहतो त्याच्यासाठी यज्ञ उरत नाही, असा त्याचा आशय. एकटे वाचले तर हे वाक्य कोणाचीही झोप उडवील. पण पत्र कोणाला लिहिले आहे ते पाहावे. छळ सोसलेली, मालमत्ता लुटली गेलेली, थकलेली माणसे ख्रिस्तालाच सोडून देण्याच्या बेतात आहेत. पत्रकर्ता त्यांना सांगतो की तुम्ही हा यज्ञ नाकारला तर दुसरा नाही. ज्याने यज्ञच झिडकारला त्याच्यासाठी ती ताकीद आहे. मोहाला बळी पडून मग रडणाऱ्याला ती लावणे म्हणजे औषधाची चिठ्ठी भलत्याच रोग्याच्या हाती देणे. जुन्या करारात तर जाणूनबुजून केलेल्या पापासाठी सरळ तरतूद आहे. लेवीयच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी शेजाऱ्याची ठेव हडप करणारा, सापडलेली वस्तू दडवणारा, खोटी शपथ वाहणारा माणूस येतो. यातले काहीही चुकून होत नाही. त्याने मूळ वस्तू परत करावी, वर पाचवा हिस्सा भरावा, दोषार्पणाच्या दिवशीच ते सगळे धन्याच्या हाती द्यावे आणि मग अर्पण आणावे. क्षमा आहे. गणनाच्या पंधराव्या अध्यायात हात उगारून केलेल्या पापाला क्षमा नाही असे म्हटले आहे, पण तिथला हात देवावर उगारलेला आहे, त्याच्या वचनाला तुच्छ लेखणारा आहे. पेत्राने तीनदा, पूर्ण शुद्धीत, शपथ घेऊन गुरूला नाकारले. त्याहून जाणूनबुजून काय असते? तरी त्याच्या हाती कळप सोपवला गेला.

यावर कॅल्विनवादी म्हणेल की पेत्र पडला पण गेला नाही, आणि जो गेला तो मुळात विश्वासणाराच नव्हता. या मांडणीमागचे प्रेम मला दिसते. तारण माणसाच्या मनगटावर नाही, देवाच्या हातावर आहे, हे तिला राखायचे आहे, आणि ते राखलेच पाहिजे. पण खरा विश्वासणारा कोण हे जर शेवटीच कळणार असेल, तर आज पडलेल्या माणसाला या सिद्धांताचा उपयोग काय? आपण निवडलेल्यांतले की नाही, हे त्याला तपासता येत नाही. त्याला फक्त परत येता येते. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांना हे व्यवहारात ठाऊक होते. त्यांच्या जुन्या शिस्तीत व्यभिचारी, दारुडा, निंदक अशा माणसाला मंडळीसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर अनेक रविवार बसावे लागे आणि मग त्याला सोडवून घेत. तो निवडलेला आहे का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नसे. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातली सूचनाही तीच वाट दाखवते. उघड पापात जगणाऱ्याला धर्मगुरूने प्रभुभोजनाला येऊ नको म्हणून बजावावे, त्याने पश्चात्ताप उघड सांगावा, ज्यांचे वाईट केले त्यांची भरपाई करावी किंवा करण्याचा निश्चय सांगावा आणि मग यावे. कलमे दोन, पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाला सांगायचे शब्द जवळजवळ तेच. क्षमा इतकी हाताशी ठेवली तर लोक पापाला सोकावतील, या शंकेचे उत्तरही या भरपाईच्या अटीत आहे. ज्याला चोरीचा माल पाचव्या हिश्शासकट स्वतःच्या पायाने नेऊन द्यायचा आहे, त्याला क्षमा स्वस्त वाटत नाही.

दाराशी कठोर व्हावे असे म्हणणारे चर्चमध्ये फार जुन्या काळापासून आहेत. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसने देवतांना बळी देण्याची सक्ती केली तेव्हा हजारो ख्रिस्ती झुकले. छळ ओसरल्यावर ते परत येऊ लागले तसा रोममध्ये नोवेशियन हा धर्मगुरू म्हणाला की यांना चर्च क्षमा देऊ शकत नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस यांनी ते नाकारले. ३२५च्या निकाया परिषदेचा अकरावा नियम तर विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. सक्ती नसताना, मालमत्ता जप्त झालेली नसताना, कसलाही धोका नसताना जे घसरले, त्यांच्याविषयी तो आहे. त्यांना तीन वर्षे श्रोत्यांत, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांत, दोन वर्षे प्रार्थनेत पण अर्पणाविना असे राहावे लागे, आणि मग पंगत. बारा वर्षे ही शिक्षा जबर आहे. तरी जाणूनबुजून पडलेल्यांसाठीही आतून कडी लावायची नाही, हे परिषदेने ठरवले होते.

सक्ती आणि स्वेच्छा यांतला हा फरक मध्य प्रांतात फार जवळचा होतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी प्रांत पोळून काढला. ठिकठिकाणच्या मिशनांनी अनाथ मुले सांभाळली आणि त्यांतली कित्येक तिथेच ख्रिस्ती झाली. असे मूल मोठे होऊन आपल्या गणगोतात, आपल्या देवांकडे परत गेले, तर ते पतित झाले का? मिशनांच्या भाषेत अशांना मागे फिरलेले म्हणत. मला ही भाषा अन्यायाची वाटते. भुकेच्या तडाख्यात, कळत्या वयाआधी जे स्वीकारले गेले ते सोडणे म्हणजे सत्य ओळखून ते पायदळी तुडवणे नव्हे. कॅथलिक परंपरेने प्राणघातक पापासाठी तीन अटी सांगितल्या आहेत. बाब गंभीर हवी, पूर्ण ज्ञान हवे, मनापासून संमती हवी. या अटी काटेकोरपणे लावल्या तर जाणूनबुजून पाप केले असे दुसऱ्याबद्दल म्हणण्याचा आपला अधिकार फार आकसतो. ताकीद स्वतःला लावायची असते. त्या मुलांबद्दल इब्री पत्राचा दहावा अध्याय वाचून दाखवणाऱ्याने आधी लेवीयचा हिशेब करावा: भुकेल्याला अन्न देताना आपण त्याच्याकडून त्याच्या संमतीविना काही घेतले का, आणि ते परत केले का?

चांद्यात मिशनरी म्हणून राबलेले अलेक्झांडर वूड पुढे १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन वाटा तेव्हाही वेगळ्याच होत्या. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरलाच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि या दोन्ही परंपरा एका छताखाली आल्या. एकत्र येण्याच्या वाटाघाटी चाळीस वर्षे चालल्या होत्या. अडचण झाली ती बिशपपदाची, दीक्षा कोणी कोणाला द्यायची याची, लहान मुलांचा बाप्तिस्मा की जाणत्यांचा याची. तारण गमावता येते की नाही, या मुद्द्यावर एकी अडली नाही. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या क्षणी बाहेर राहिले, पण सोळाव्या कलमावरून नव्हे. दरम्यान १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी चांदा हे स्वतंत्र धर्मक्षेत्र झाले, त्याचे केंद्र बल्लारपूर. त्यांच्यामागे ट्रेंट परिषदेचा १५४७चा निर्णय उभा आहे: प्राणघातक पापाने कृपा जाते, पण विश्वास जातोच असे नाही, आणि पापांगीकाराने कृपा पुन्हा मिळते. कृपा गेल्यावरही विश्वास उरू शकतो, हे वाक्य कॅल्विनवाद्याला मान्य होणार नाही. पण त्याला जे राखायचे आहे त्याच्या ते जवळ जाते. पडलेल्या माणसात परत वळण्याइतके काहीतरी शिल्लक असते आणि ते त्याने स्वतः कमावलेले नसते, हे दोघेही मानतात. हे शिल्लक राहिलेलेही माणूस शेवटपर्यंत, पूर्ण शुद्धीत, झिडकारू शकतो का? इब्री पत्र वाचून मला वाटते, झिडकारू शकतो. एखाद्या जिवंत माणसाकडे बोट दाखवून याने ते झिडकारले असे म्हणायला मात्र नोवेशियनला आधार नव्हता, आणि बल्लारपूरच्या, चंद्रपूरच्या किंवा सिरोंच्याच्या कुठल्याही वेदीपुढे उभ्या राहणाऱ्यालाही तो नाही.